हळू आवाजाची जवारी

रात्रीचे दहा वाजून गेले आहेत. दार लोटून घ्या. पंखा बंद करा.

नुसते बसा.

साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भिंतीला भिंत लागलेली घरं आहेत. सांगलीत असाल तर गावभागातला जुना वाडा, नाहीतर विश्रामबागेतला फ्लॅट. पलीकडे कुणीतरी झोपलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम नसता तरी पलीकडचं माणूस आहेच.

मांडीवर गिटार आहे. समोर छोटा ट्यूब ॲम्प. स्पीकरची वायर लागलेली आहे ना, तेवढं बघून घ्या.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता बटण दाबा.

काहीच ऐकू येत नाही. येऊ दे सावकाश.

मागच्या जाळीतून आत बघा. काचेच्या पोटात एक बारीक नारिंगी उजेड जागा होतो आहे. अर्धं मिनिट, फार तर मिनिटभर. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली, तेव्हा ज्या घरांत व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हे थांबणं ठाऊक होतं. आधी दिवा लागायचा, आवाज मागाहून यायचा.

बघत राहा. जाळीच्या आत मात्र हात घालू नका. आत काही शे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ टिकून राहतात.

उजेड स्थिर झाला. आता कान द्या.

एक अगदी बारीक घरघर आहे. भिंतीतल्या विजेची. तिलाही असू दे.

मास्टरचा नॉब शून्यावर. गेन अर्ध्यावर. गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आता मास्टर किंचित वर, अगदी किंचित. शेजारी बसलेल्या माणसाशी तुम्ही हळू बोललात तर ते बोलणं ॲम्पच्या वर ऐकू यावं, इतकाच.

सगळ्यात जाड तार. मोकळी. अंगठ्याने एकदाच छेडा.

थांबा.

ती पूर्ण विरेपर्यंत दुसऱ्यांदा छेडू नका.

काय ऐकू आलं? पुन्हा छेडा. आता वरच्या थरात काय आहे ते बघा. तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते आहे. तिच्याच आत १६५ आहे, २४७ आहे, ३३० आहे, ४१२ आहे. गाणं शिकलेल्या कानाला हे ओळखीचं आहे. षड्ज, वरचा षड्ज, त्याचा पंचम, पुन्हा षड्ज, आणि मग गंधार.

गंधार शोधा. कुणी तो वाजवलेला नाही. तो आपला आपण येतो.

नाही सापडला तरी चालेल. श्वास घ्या. पुन्हा छेडा.

आता थोडा वेळ गिटार तशीच मांडीवर राहू द्या आणि मनाने मिरजेला चला. सांगलीपासून ती हाकेच्या अंतरावर.

सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर खाली मान घालून बसला आहे. समोर नवा तंबोरा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सतारमेकर या कामाकडे वळले आणि गाव त्यासाठी ओळखलं जाऊ लागलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते असो. आपण त्या कारागिराच्या हाताकडे बघू.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून तो कानस फिरवतो. तार छेडतो. ऐकतो. पुन्हा कानस, अगदी हलकी.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अंधूकसा उतार आहे. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा एक धागा आहे. तो धागा एका जागी असतो तेव्हा आवाज बंद, मुका. केसभर पुढे सरकतो आणि आवाज उघडतो.

तिथेच त्याचा हात थांबतो.

तुम्हीही थांबा.

जवारी लागली, म्हणजे तारेचं घोडीवर टेकणं नेमकं जुळलं. तंबोरा मोठा झालेला नाही, भरला आहे. मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला जेवढा ऐकू येतो, तेवढ्यातच सगळे स्वर आहेत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हेच टिपलं होतं. तार जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर उमटूच नये, तिथे छेडली तरी तंबोऱ्यात तो उमटतो. घोडीची करणी.

अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. तंबोरा लावण्याविषयी ते फार काटेकोर होते, जवारीचं काम स्वतः जाणत होते. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तिथे उभं राहिलं की बोलावंसं वाटत नाही.

परत खोलीत या. नारिंगी उजेड आहे तिथेच आहे.

एकच गोष्ट बघायची आहे. इथे स्वर कुठे टेकतो?

ॲम्पच्या पुढच्या बाजूला एक छोटी ट्यूब आहे, बहुधा १२एएक्स७. तारेची लाट तिच्यात मावेनाशी झाली की लाटेचा माथा गोलसर दबतो, आणि त्या दबण्यातून नवे उपस्वर निघतात. गेन म्हणजे हीच जागा. तिला मोठ्या आवाजाची गरज नाही.

मागची मोठी ट्यूब, ईएल८४ असो की ६व्ही६, तशी दबायला तिला पूर्ण जोर हवा, आणि तेव्हा घर उठतं. तिचा दबलेला स्वर सुंदर असतो, हे मान्य. तिच्या आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर बसवला तर बराचसा जोर उष्णता होऊन जातो आणि थोडाच स्पीकरपर्यंत पोचतो. पण स्पीकर काढून टाकून ट्यूब ॲम्प कधी वाजवू नका. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणि वॉटच्या आकड्यावर विसंबू नका. ५० चे ५ वॉट केले तर कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो.

पुन्हा श्वास.

गेन वर न्या, केसभर. छेडा. थांबा.

अजून केसभर. छेडा. थांबा.

एका जागी आवाज उघडेल. सांगायला कुणी लागत नाही, खांदे आपोआप सैल होतात. त्या जागेच्या थोडं पुढे गेलात तर तो चिरकेल, गंधार बुडेल. मागे या.

आता हलकेच छेडा. स्वर स्वच्छ आहे. जरा जोर द्या. स्वराला कण येतो. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवा, तो पुन्हा निवळतो. सगळं बोटांत आहे, मास्टरला हात लावावा लागत नाही.

पातळ वाटतो आहे का? वाटणारच. आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. बास थोडा वाढवा. ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, स्पीकर कानाच्या उंचीला येऊ दे. जवळ सरका. अजून जवळ. आवाज वाढवण्याआधी अंतर कमी करून बघा.

डोळे मिटा. तीच जाड तार. तोच अंगठा.

षड्ज. पंचम. आणि वर, खूप वर, गंधार.

राहा तिथे, हवा तेवढा वेळ.

घरच्या रियाजाला ५ वॉट पुष्कळ झाले. १ वॉटचा चांगला ॲम्प मिळाला तर तोच घ्या. आणि मिरजेला जाणं झालं तर एखाद्या सतारमेकरांच्या दुकानात जाऊन, जवारी लावताना थोडा वेळ बसू द्याल का, असं विचारा. आधी तिथे ऐका, मग घरी येऊन गेनला हात घाला.