पार्नेल: खासगी नाते आणि सार्वजनिक नेतृत्व

चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल (1846–1891) हा आयर्लंडच्या विकलो परगण्यातील अ‍ॅव्हनडेल इस्टेटीचा प्रॉटेस्टंट जमीनदार. कॅथलिक कुळांनी त्याला आपला पुढारी मानले, आणि एका विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधावरून त्याच समाजातील बहुसंख्यांनी त्याला दूर सारले. खासगी आचरणातील दोषामुळे नेतृत्वाचा अधिकार जातो काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न त्याच्या चरित्रात उभा राहतो.

घराणे करारी होते. पणजोबा सर जॉन पार्नेल आयर्लंडचा अर्थमंत्री. ब्रिटनशी विलीनीकरणाला विरोध केल्याने त्याचे पद गेले. आई डेलिया ही अमेरिकन नौदलातील नामांकित अधिकाऱ्याची कन्या. बहीण अ‍ॅना हिने 1881 मध्ये कुळांच्या हक्कांसाठी स्त्रियांची लँड लीग उभारली. पुढल्या वर्षी सरकारशी समझोता केल्यावर भावाने त्या संघटनेचा पैसा बंद केला, तेव्हा तिने त्याच्याशी कायमचा अबोला धरला. तत्त्वापुढे तिने सख्खे नाते पाहिले नाही.

पार्नेल स्वतः 1879 मध्येच मूळ लँड लीगचा अध्यक्ष झाला होता. स्वतः खंड घेणारा हा माणूस कुळांना अन्यायी खंड नाकारायला सांगत होता. 1883 मध्ये त्याची इस्टेट कर्जात बुडाली म्हणून लोकांनी निधी उभारला. रोमने धर्मगुरूंना त्यात भाग घेण्यास मनाई केली. वर्गणी उलट वाढली आणि 37 हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमली. श्रद्धाळू कॅथलिक शेतकरीही राजकारणात स्वतःच्या बुद्धीने चालत होता, याचा हा भक्कम पुरावा आहे.

कॅथरिन ओ'शे हिच्याशी पार्नेलचा संबंध 1880 पासूनचा. दोघांना मुलेही झाली. तिचा पती कॅप्टन ओ'शे याने 17 नोव्हेंबर 1890 रोजी घटस्फोट मिळवला. पार्नेलने न्यायालयात बचाव केला नाही. ब्रिटिश संसदेतील त्याच्या आयरिश पक्षाने त्याला पुन्हा नेता निवडले, पण इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट मतदार बिथरल्याने लिबरल पक्षाचा नेता ग्लॅडस्टन याने होमरूलला, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याला, असलेला पाठिंबा धोक्यात असल्याचे कळवले. आयरिश बिशपांनी जाहीर निषेध केला तो त्यानंतर, 3 डिसेंबरला. पाप आधीही पापच होते. बोलण्याची वेळ मात्र राजकारणाने ठरवली. तीनच दिवसांनी 45 खासदार त्याला सोडून गेले. कॅसलकोमर येथे प्रचारादरम्यान त्याच्या डोळ्यांत चुना फेकला गेला. जून 1891 मध्ये त्याने कॅथरिनशी नोंदणी विवाह केला. चर्चच्या लेखी पहिला विवाह अभंगच असल्याने या लग्नाने रोष वाढला.

तरीही व्यभिचार हा त्याचा सर्वांत गंभीर सार्वजनिक अपराध नव्हता. तसा अपराध 1886 मध्ये गॉलवे येथे घडला. पक्षाची शपथ न घेतलेल्या ओ'शेला त्याने सहकाऱ्यांचा विरोध मोडून उमेदवारी दिली, निवडून आणले. आणि त्याच वर्षी होमरूल विधेयकावर ओ'शेने मतच दिले नाही. घरातले गुपित सांभाळण्याची किंमत तिथे मतदारांनी मोजली. खासगी दोष नेतृत्वाला बाधतो तो याच ठिकाणी, लोकांनी सोपवलेली सत्ता त्या दोषाच्या पांघरुणासाठी वापरली जाते तेव्हा. बिशपांनी 1890 मध्ये निवाडा दिला तो शयनगृहाचा. गॉलवेचा हिशेब त्यांनी मागितला नाही.

6 ऑक्टोबर 1891 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी पार्नेल वारला. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्याचे थडगे आहे.