नेमकी जागा, नेमकी वेळ

आपल्याकडे कर्करोगाचे रुग्ण रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी, दुखऱ्या गुडघ्यावर ठेवलेली तापल्या फडक्याची घडी, अशा घरगुती मायेतून आलेला हा शब्द. पण क्ष-किरणांच्या शेकाला थांबणे ठाऊक नसते. गाठीच्या अलीकडे ते ऊर्जा सांडतात आणि गाठ ओलांडून पलीकडेही जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पाहा: पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. त्यांना जपायचे म्हणून मात्रेवर मर्यादा येते.

शेक देण्यासाठी कार्बनचा आयनही वापरता येतो. त्याचा स्वभाव निराळा. भरवेगात तो वाटेतल्या पेशींना थोडीच ऊर्जा देतो. वेग मंदावत जातो तशी ती वाढते आणि थांबता थांबता शिगेला पोचते. हा गुण विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अल्फा कणांत टिपला. जपानमधल्या चिबा येथे ‘हायमॅक’ या प्रचंड यंत्रातून 1994 पासून रुग्णांना कार्बनचा शेक मिळू लागला. प्रोटॉनच्या बारापट जड असलेला हा कण डीएनएचे दोन्ही धागे तोडतो. प्राणवायू कमी असलेल्या मोठ्या गाठी क्ष-किरणांना सहज दाद देत नाहीत. कार्बनपुढे त्यांचा हा बचाव बराच लंगडा पडतो.

इथे हेन्रिएटा लॅक्स आठवते. 1951 साली बाल्टिमोरमध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीवर रेडियम ठेवले गेले आणि तिला न विचारता त्या गाठीच्या पेशी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी ती गेली. पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. तिची गाठ ग्रंथीपेशींची, म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमा होती, हे पुढे वीसेक वर्षांनी उमगले. शेकाला सहसा कमी दाद देणाऱ्या नेमक्या याच प्रकारावर जपानी डॉक्टरांनी कार्बन आजमावला. 2022 मध्ये तिथल्या सरकारी विम्यानेही अशा, जागीच बऱ्याच वाढलेल्या गाठींसाठी हा उपचार मान्य केला.

माणसाच्या बुद्धीने जागेचा नेमकेपणा असा मिलिमीटरपर्यंत साधला, याचे मला मनापासून अप्रूप आहे. पण या रोगाला काळाचाही नेमकेपणा हवा. त्याला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. इतकी सवड फार थोडे कर्करोग देतात. आपल्या बायका ती सवड ‘अंगावर काढण्यात’ घालवतात. पांढरे जाणे, मध्येच रक्त दिसणे, सारे पदराआड.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चिबाच्या यंत्राइतकेच मोठे काम आपल्या मातीत एका साध्या नमुन्याने केले.

कार्बनचा शेक हवाच. उशिरा पोचलेल्या बाईचाही जगण्यावर हक्क आहे. पण तिला उशीर होऊ नये, हे आपल्या हातात आहे. मुलीला पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी एचपीव्हीची लस द्या. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला विचारा, तपासणी केलीस का? आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.