निरोपाचा तवाफ



मक्केतील शेवटचे तीन दिवस उरले की माणसाचा हिशोब बदलतो. आल्या दिवशी ज्याला स्वतःच्या मुक्कामाची वाट सापडत नव्हती, तोच आता हरमच्या कोणत्या दाराशी गर्दी कमी असते, हे नवख्यांना सांगू लागतो. मग एकाएकी तो नमाजा मोजू लागतो. उद्याची फज्र, परवाची इशा, आणि नंतर जेद्दाहचा रस्ता. भोर किंवा वेल्ह्याच्या डोंगरकपारीतील गावातून एकटाच उमऱ्याला गेलेला असेल, तर त्याला ही मोजणी अधिकच जड जाते. काबागृहासमोर बसून तो रडत म्हणतो, या अल्लाह, मला इथून परत पाठवू नकोस.

ही इच्छा वाईट नाही. हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या नगरीत मृत्यू यावा, अशी प्रार्थना केली होती आणि अल्लाहने ती स्वीकारली. परंतु तुम्ही तिथे बसून ही प्रार्थना कराल, तेव्हा ती प्रेमातून येते आहे की घरी वाट पाहणाऱ्या एखाद्या कामाच्या भीतीतून, हे स्वतःला विचारून घ्या.

पूर्वी हा प्रश्न सोबतीच विचारत. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हाजींची जहाजे 1995 पासून बंद झाली. त्या काळी दर्यावरचे दिवस आणि मुसाफिरखान्यातील मुक्काम गाववाल्यांच्या संगतीत जाई. सोबत्याला तुमचे घर ठाऊक असे आणि कोणाचे देणे ठेवून आलात, तेही ठाऊक असे. आता घरबसल्या व्हिसा मिळतो आणि माणूस एकटा निघतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकट्याने प्रवास करण्यापासून सावध केले आहे. त्यामागे वाटेतील धोके होते, असे अनेक विद्वान सांगतात आणि भरलेल्या विमानात ते धोके नाहीत, हे खरे. पण जाब विचारणारा सोबती नसणे हाही एक धोकाच आहे, असे मला वाटते.

मक्केवर प्रेषितांपेक्षा अधिक प्रेम कोणी केले? हिजरतच्या वेळी, 622 साली, ते ही नगरी सोडून निघाले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहून सांगितले की, तू मला सर्वांत प्रिय आहेस आणि तुझ्या लोकांनी मला घालविले नसते तर मी दुसरीकडे राहिलोच नसतो. हिजरी 8 मध्ये तीच मक्का त्यांच्या स्वाधीन झाली. आता अडविणारा कोणी नव्हता. मदीनेच्या अन्सारांच्या मनात धास्ती उत्पन्न झाली की, प्रेषितांना आपली जन्मभूमी आणि आपले आप्त मिळाले, आता ते परतणार नाहीत. प्रेषितांनी त्यांना बोलावून आश्वासन दिले की, माझे जगणे तुमच्यासोबत आणि मरणेही तुमच्यासोबत. आणि ते मदीनेला परतले. प्रिय नगरी हाती असताना त्यांनी ज्यांना वचन दिले होते, त्या माणसांची नगरी निवडली.

याहून सूक्ष्म गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत आली आहे. ज्यांनी अल्लाहसाठी मक्का सोडली होती, त्या मुहाजिरांना हजचे विधी आटोपल्यावर मक्केत केवळ तीन दिवस राहण्याची अनुमती होती. त्यांचे बालपण तिथल्या गल्ल्यांत गेले होते. तरी तीनच दिवस! आपण हॉटेलातील मुक्काम दोन रात्रींनी वाढावा म्हणून एजंटाला फोन करतो, तेव्हा हे तीन दिवस आठवावेत.

हिजरी 10 मध्ये, अखेरच्या हजच्या वेळी, हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत इतके आजारी पडले की मृत्यू समोर दिसू लागला. जी नगरी अल्लाहसाठी सोडली तिथेच मरण आले तर आपली हिजरत अपुरी राहील, हे त्यांचे दुःख होते. प्रेषित (स.) त्यांच्या समाचाराला आले. आता लक्ष द्या, त्या अंथरुणाशी बोलणे कशाचे झाले? साद यांनी विचारले की, माझ्याजवळ संपत्ती आहे आणि वारस म्हणून एकच मुलगी, तर दोनतृतीयांश दान करू काय? उत्तर नकाराचे आले. अर्धी? तेही नको. एकतृतीयांश? होय, आणि तेही पुष्कळ आहे. वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, असे प्रेषितांनी समजाविले. साद पुढे बरे झाले आणि चाळीसहून अधिक वर्षे जगले.

जगातील सर्वांत पवित्र नगरीत, मृत्यूच्या छायेत, दानासारख्या पुण्यकर्माची इच्छा धरलेल्या माणसाला अल्लाहच्या प्रेषितांनी मुलीच्या वाट्याची आठवण करून दिली. म्हणून मक्केतील शेवटच्या दिवसांविषयी बोलताना मला भोर-वेल्ह्याच्या जमिनीविषयी बोलावे लागते.

आपल्याकडे पुण्याची शेतघरे आता धरणांच्या काठापर्यंत पोहोचली आहेत. ज्या वरकस तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याला भाव आला. बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, आणि लगोलग बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. तिला एक साडीचोळी, जेवण आणि "तुझे माहेर आहेच की" हे वाक्य मिळते. ती सही करते, कारण सही नाकारली तर माहेर तुटेल. यास राजीखुशी म्हणता येत नाही. पुढे त्याच तुकड्याचे पैसे येतात आणि भाऊ एहराम विकत घेतो. सूरह अन्-निसाने पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा ठरविला, थोडी मालमत्ता असो वा फार, आणि वाटे सांगून झाल्यावर त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले. ती मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद तिथेच दिली आहे. सहीह मुस्लिममध्ये प्रेषितांनी एका प्रवाशाचे वर्णन केले आहे. लांबचा प्रवास, विस्कटलेले केस, धुळीने माखलेले अंग, आकाशाकडे उचललेले हात आणि ओठांवर पालनकर्त्याची हाक. पण खाणे, पिणे, वस्त्र सारे हरामचे. अशाची प्रार्थना कशी स्वीकारली जावी, असे प्रेषित विचारतात. हे वर्णन वाचताना मला दर वेळी आपलाच कोणी माणूस दिसतो.

बहीण स्वतःचा वाटा ताब्यात घेऊन नंतर आपखुशीने भावाला देऊ इच्छित असेल, तर तो तिचा अधिकार आहे. आधी तो तिच्या हाती पडू द्या.

तेव्हा त्या तीन दिवसांत बाजारात तासन् तास घालवू नका, आणि काबागृहाकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र तर मुळीच काढू नका. (तवाफ करणाऱ्यांच्या वाटेत थांबून व्हिडिओ कॉल लावणाऱ्यांविषयी काय लिहावे!) एखाद्या असरनंतर कागद घेऊन बसा आणि कोणाकोणाचे काय देणे आहे ते लिहा. जुना बांध कोणी सरकविला होता, तेही लिहा.

निघताना शेवटचे काम बैतुल्लाहचा तवाफ असावे, अशी आज्ञा आहे. हनफी मसलकात हज करून परतणाऱ्या बाहेरच्या यात्रेकरूवर तो वाजिब आहे. केवळ उमरा करणाऱ्यावर वाजिब नाही, केला तर उत्तमच. शाफई मसलकातील मत याहून कडक आहे, म्हणून घाटाखालून इकडे आलेल्या शाफई घराण्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मासिक पाळी आलेल्या हाजी भगिनीला या तवाफातून सूट आहे. माननीय सफिया (रजि.) यांच्या बाबतीत स्वतः प्रेषितांनी, हजचा मुख्य तवाफ झालेला आहे याची खात्री करून, त्यांना निघण्याची अनुमती दिली होती. तिने त्यासाठी रडत बसू नये. तवाफ झाला की मग रेंगाळू नका. प्रवास हा यातनेचाच एक अंश आहे, तो खाणे, पिणे, झोप हिरावतो, म्हणून काम संपताच घरच्यांकडे त्वरेने परता, हा प्रेषितांचा उपदेश आहे, आणि मक्केचा प्रवास त्यातून वगळलेला मला कुठे आढळला नाही.

परतताना मदीनेची घरे दिसू लागली की प्रेषित आपली सवारी वेगाने हाकीत, त्या नगरीच्या प्रेमापोटी. तुमचीही गाडी कापूरहोळला भोरकडे वळेल, किंवा चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे, आणि तोरण्याचा माथा ढगात दिसेल. तेव्हा मन मागे मक्केकडे ओढू लागले तर ओढू द्या, पण गाडी सावकाश हाकावयास सांगू नका. आधी मशिदीत जाऊन दोन रकअत नमाज अदा करा, ही प्रेषितांची रीत होती. मग घरी जा. लोक भेटीस येतील, खजूर मागतील, काबागृह कसे दिसते ते विचारतील. सांगा.

दुसऱ्या दिवशी झमझमची एक बाटली बाजूला काढून बहिणीकडे निघा. ती महाडला दिलेली असेल आणि पावसाने वरंधा घाट बंद असेल, तर लांबच्या वाटेने जा. ती उभ्या उभ्या बिस्मिल्लाह म्हणून पाणी पिईल, डोळ्यांना लावील. तेवढ्यात पिशवीतून सातबारा काढून तिच्या पुढ्यात ठेवा, आणि मोजणीला कोणता दिवस सोयीचा आहे, हे तिलाच विचारा.