स्टॉकरूमची किल्ली कुणाकडे?

न्यूयॉर्क शहरात 'ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स' नावाची एक सरकारी शाळा आहे. १९३८ साली सुरू झालेली, फी एक पैसा न घेणारी. तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना नोबेल मिळालं आहे आणि त्यातले सात भौतिकशास्त्राचे आहेत. भल्या भल्या देशांच्या नावावर इतकी नोबेलं नाहीत. या शाळेत नववीत शिरायचं तर आठवीतल्या मुलांना एक परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत इंग्रजी असतं, गणित असतं. विज्ञानाचा प्रश्न एकही नसतो.

माझी भाची क्वीन्समध्ये राहते. तिची लेक आठवीत आहे आणि तिला विज्ञानाचं वेड आहे. वेड म्हणजे काय, तर फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात वाट्यांमध्ये बुरशी वाढवलेली असते, प्रत्येक वाटीवर तारखेची चिठ्ठी असते, आणि आईने भांडी घासायच्या भरात त्यातली एखादी धुऊन टाकली की घरात अबोला सुरू होतो. "मामा, तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तूच सांग हिला कुठे घालू," असं भाचीने फोनवर विचारलं. तिच्यापुढे शाळांची जी यादी आहे ती आपल्या अकरावीच्या यादीपेक्षा जाडजूड आहे. अमेरिकेतलं हायस्कूल नववी ते बारावी असतं, म्हणजे आपल्याकडे दहावीनंतर पडणारा प्रश्न तिथल्या आईबापांना तेराव्या वर्षीच पडतो.

मराठी घराला यातला अर्धा भाग समजावून सांगावा लागत नाही. परीक्षा आहे, कटऑफ आहे, वरची शाळा-खालची शाळा आहे, आणि अर्थातच क्लास आहेत. ब्राँक्स सायन्स, स्टायवेसंट, ब्रुकलिन टेक अशा आठ शाळांच्या मिळून एका परीक्षेला दर वर्षी सुमारे पंचवीस हजार मुलं बसतात आणि जागा मिळते ती सुमारे चार हजारांना. जुन्या तीन शाळांचा प्रवेश फक्त परीक्षेवरच व्हावा, हे १९७१ पासून राज्याच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे परीक्षा हवी की नको हा वाद तिथे पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. २०१९ मध्ये स्टायवेसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना सात मिळाल्या तेव्हा तो चांगलाच पेटला होता. त्या वादात मी इथे शिरत नाही. भाचीने मला शहराचं धोरण विचारलेलं नव्हतं.

तिला हवं होतं ते एका ओळीचं उत्तर: नाव मोठं असलेली शाळा मिळाली की पोरीचं भलं होतं का?

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या जोशुआ अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या परीक्षावाल्या शाळा घेतल्या आणि कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली आणि जेमतेम खाली राहून बाहेर पडलेली मुलं ताडून पाहिली. या दोघांच्या हुशारीत फरक तो काय, एखाद्या प्रश्नाचा. आत गेलेल्याला वर्गसोबती कितीतरी हुशार मिळाले. पण पुढच्या परीक्षांत दोघांचे गुण जवळपास सारखेच निघाले. थोडक्यात, शाळेच्या निकालातला बराचसा उजेड मुलांनी घरून आणलेला असतो. क्लासच्या जाहिरातीत टॉपरांचे फोटो छापतात तेव्हा आपल्याला हे कळतं; शाळेच्या बाबतीत कळूनही वळत नाही.

तरी या अभ्यासाला मी शेवटचा शब्द मानत नाही. त्यांनी मोजले ते परीक्षेतले गुण, आणि तेही कुंपणावरच्या मुलांचे. बुरशीच्या वाट्यांना त्यात खातं नाही. शिवाय सोबतीचं म्हणून एक मोल असतंच. शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे दोघे ब्राँक्स सायन्सच्या १९५० च्या एकाच बॅचचे. शाळेतल्या विज्ञानकथांच्या मंडळात एकत्र असणारे हे मित्र १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं एकच नोबेल वाटून घेते झाले. आपल्यासारखंच खूळ डोक्यात असलेला आणखी कुणीतरी डबा खायला शेजारी बसतो, ही चैन विज्ञानवेड्या मुलाला एरवी क्वचितच मिळते. सामान्य शाळेत ते मूल चार वर्षं तोंड मिटून काढतं. आता याच १९७९ च्या नोबेलचा तिसरा वाटेकरी पाहा. अब्दुस सलाम पंजाबातल्या झंगसारख्या आडगावी सरकारी शिक्षणावर वाढले. त्यांच्या शेजारी ना ग्लॅशो होता ना वाइनबर्ग.

माझ्या मते खरी पाहण्यासारखी शाळा वेगळीच आहे. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, कोनी आयलंडच्या जवळ, अब्राहम लिंकन हायस्कूल आहे. तिथे चाळणी परीक्षा नव्हती. आसपासच्या गल्ल्यांतली, बव्हंशी स्थलांतरित ज्यू घरांतली पोरं तिथे जात. या साध्या शाळेतून आर्थर कॉर्नबर्ग, जेरोम कार्ल आणि पॉल बर्ग हे तिघे निघाले आणि तिघांनाही नोबेल मिळालं: १९५९, १९८५ आणि १९८०. बर्ग यांनी आपल्या आत्मवृत्तात शाळेतल्या एका बाईंचं ऋण मानलं आहे, सोफी वुल्फ. या बाई वर्गावर जाणाऱ्या शिक्षिका नव्हत्याच. विज्ञानाच्या वर्गांना सामान पुरवणाऱ्या स्टॉकरूमची देखभाल हे त्यांचं काम. म्हणजे आपल्या भाषेत प्रयोगशाळा सहायक.

शाळा सुटली की या बाई विज्ञान मंडळ चालवत. मुलांनी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची रीत. तूच शोध म्हणायचं, आणि शोधायला लागेल ते पुढ्यात ठेवायचं. कधी त्यांच्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्रयोग लावायचा, कधी वाचनालयात पिटाळायचं. प्रश्न वाढत वाढत त्याचं लहानसं संशोधनच होऊन बसे. त्या स्टॉकरूममध्ये मी कधी गेलो नाही, पण स्टॉकरूम मला नवी नाही. फळीवर उंचीप्रमाणे लावलेले बीकर, लेबल पिवळं पडलेली कॉपर सल्फेटची बरणी, तोटीला ग्रीस लावून ठेवलेली ब्यूरेट, दाराशी फुटक्या सामानाची नोंदवही. त्या वहीची भीती घातलेल्या शाळेत मुलं ब्यूरेटला हात लावत नाहीत. उलट, फुटलं तर लिहून ठेव आणि दुसरं घे, असं म्हणणारं माणूस जिथे असतं तिथे वर्षाला पाच-पंचवीस टेस्टट्यूब जास्त फुटतात, आणि मुलं टायट्रेशन शिकतात. सोफी वुल्फ यांच्या शाळेत नोंदवही होती की नाही, हा माझा विषय नाही; किल्ली त्यांच्याकडे होती आणि तीन वाजल्यानंतरही त्या तिथे होत्या, हे महत्त्वाचं.

अशीच दुसरी शाळा क्वीन्समधली, फार रॉकअवे हायस्कूल. रिचर्ड फाइनमन तिथले, १९३५ चे. वर्गात कंटाळून चुळबुळ करणाऱ्या या पोराला बेडर नावाच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कॅल्क्युलसचं एक जाडं पुस्तक दिलं आणि मागच्या बाकावर बसून ते वाचायला सांगितलं. दुसऱ्या एका दिवशी तास संपल्यावर त्यांनीच त्याला 'न्यूनतम क्रिये'चं तत्त्व ऐकवलं. फाइनमननी पुढे त्याच तत्त्वावर काम केलं. शाळेला खर्च आला तो शून्य. हीच फार रॉकअवे शाळा निकाल वाईट लागतो म्हणून २०११ मध्ये बंद झाली. त्या काळात न्यूयॉर्कने अशा बऱ्याच मोठ्या शाळा मोडून त्यांच्याच इमारतींत चार-पाचशे मुलांच्या लहान शाळा थाटल्या. लहान शाळेत मुलाकडे लक्ष राहतं, हे खरं. पण चारशे मुलांच्या शाळेत भौतिकशास्त्र घेणारी मुलं भरतात किती? दहा-पंधरांसाठी वेगळा शिक्षक परवडत नाही, आणि मग तो विषयच वेळापत्रकातून उडतो. न्यूयॉर्कच्या अनेक हायस्कुलांत फिजिक्स शिकवलंच जात नाही. विज्ञानाच्या मुलासाठी शाळा निवडताना लोक निकालाची टक्केवारी बघतात, मी आधी वेळापत्रक मागेन. केमिस्ट्री आहे का, फिजिक्स आहे का, ते शिकवणारा माणूस त्याच विषयाचा आहे की कुणाच्या तरी गळ्यात मारलेला आहे.

आपल्याकडे ही तपासणी केली तर काय दिसेल? अनुदानित शाळांत शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली असते, आणि त्यात प्रयोगशाळा सहायक आणि परिचर हे पहिले बळी. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून राहते. अकरावी-बारावीची तर गोष्टच सोडा. 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली मूल कॉलेजात नावापुरतं असतं आणि दिवसभर क्लासमध्ये. जर्नल गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं, रीडिंगसुद्धा तीच, आणि सही मात्र ताजी. न्यूयॉर्क राज्यात विज्ञानाच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्याआधी प्रत्येक मुलाचे १२०० मिनिटांचे प्रयोग आणि त्यांचे लेखी अहवाल पूर्ण असावे लागतात. तिथेही कुठेतरी पाट्या टाकल्या जात असतीलच. पण निदान टाकायला पाटी तरी आहे.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असेल. गिरगावातल्या युनियन हायस्कूलचे भावे सर मुलांना उन्हात घेऊन गेले आणि बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला. ही गोष्ट आपण सत्कार समारंभांत 'एकाग्रता' म्हणून सांगतो आणि तिचा निम्मा ऐवज वाया घालवतो. मला त्यात दिसतं ते असं की, त्या गरीब शाळेत भिंग होतं, ते कपाटाबाहेर आलं, आणि तास चालू असताना मुलांना वर्गाबाहेर नेण्याची मुभा मास्तरांना होती. आजच्या किती शाळांत मुख्याध्यापक ही मुभा देतील?

मुलीचं वेड टिकेलच असं नाही, हेही भाचीला सांगायला हवं होतं. ब्राँक्स सायन्सच्या क्लॉडिया गोल्डिन सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं म्हणून कॉर्नेलला गेल्या, तिथे अर्थशास्त्राकडे वळल्या आणि २०२३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेराव्या वर्षीच्या आवडीवर चार वर्षांचा शिक्का मारणारी शाळा नको. जिथे इतिहासाचे मास्तरही चांगले आहेत अशी शाळा विज्ञानाच्या मुलालाही बरी.

आणि अंतर. क्वीन्समधून ब्राँक्सला जायचं म्हणजे बस आणि सबवे मिळून एका बाजूला तासाच्या वर. शाळा सुटल्यावरच खरं विज्ञान होत असेल तर तोच वेळ गाडीत उभ्याने काढायचा, हा कुठला हिशेब? तीननंतर मूल प्रयोगशाळेत राहू शकत नसेल तर प्रयोगशाळा कितीही भारी असो, तिचा उपयोग नाही. जवळच्या शाळेत एक बरा केमिस्ट्रीवाला आणि चालू असलेलं विज्ञान मंडळ असेल, तर मी डोळे झाकून ती शाळा वर ठेवीन. ब्रुकलिनच्या मिडवुड हायस्कूलचंच पाहा: त्या आठ शाळांत नसूनही राष्ट्रीय विज्ञान स्पर्धांत तिची मुलं वर्षानुवर्षं चमकत आली आहेत.

भाचीला मी कळवलं ते असं. परीक्षा देऊ दे, तिथल्या पद्धतीत ती दिल्याने बाकीच्या शाळांची दारं बंद होत नाहीत आणि दोन्हीकडून बोलावणं आलं तर निवडता येतं. पण त्यासाठी सगळे शनिवार-रविवार क्लासला देऊ नकोस. त्या वाट्यांना वेळ हवा. शाळा बघायला जाशील तेव्हा मुख्याध्यापकांचं भाषण ऐकून घे आणि विसरून जा. पालकांना फिरवून दाखवायला शाळेचीच मुलं उभी असतात. त्यातल्या एखाद्या पोराला विचार: काल तीननंतर तू कुठे होतास? मग प्रयोगशाळेत नेऊन बेसिनकडे बघ. सिंक पांढरंशुभ्र आणि कोरडं असेल तर पुढच्या शाळेकडे वळ.

आपल्याकडे जूनमध्ये अकरावीच्या अर्जात कॉलेजांची पसंती भरणाऱ्या पालकांनाही माझं हेच सांगणं आहे. गेल्या वर्षीचा कटऑफ वेबसाइटवर मिळतो, त्यासाठी कॉलेजात जायची गरज नाही. जायचं ते प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला सांगण्यासाठी, आणि किल्ली शोधायला त्यांना किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी.