चि. बापूस, लाडू आणि चिवड्याविषयी

चि. बापूस,
पुसदहून मामाचे अनेक आशीर्वाद.

पिलांचे फोटो पोचले. लाडू आणि चिवडा, नावं मामीला फार आवडली. पण फोटो पाहिल्या पाहिल्या तिने विचारलं, "एवढे लोंबते कान, आत हवा कशी जात असेल?" तिचं बरोबर आहे रे. असे कान आतून दमट राहतात, मग खाजतात, वास येतो. आठवड्यातून एकदा उलटून बघत जा, पुसत जा. आणि मागितलं म्हणून खायला देऊ नकोस. बीगल कितीही खाल्लं तरी मागतोच.

तू शेजाऱ्याबरोबर सशाच्या शिकारीला जाणार हे कळल्यापासून ताईला करमत नाही. "यासाठी पोट्ट्याला नॉर्थ कॅरोलायनात धाडलं का?" असं तिचं म्हणणं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानात ससा मारणं गुन्हा आहे. तुमच्याकडे परवाना, हंगाम, किती मारायचे याची मर्यादा, असं सगळं बांधलेलं असतं, हे मी तिला समजावलं. पटलं असं नाही, पण आता निदान ऐकून घेते. तू मात्र नियम स्वतः वाच. शेजाऱ्याच्या तोंडी कायद्यावर विसंबू नकोस.

आता मुद्द्याचं. पिलं सशामागे धावतील की नाही, याची चिंता तू लिहिलीस. ती सोड. शेकडो वर्षं माणसाने बीगल त्याच कामासाठी पोसलाय. तुमच्या अमेरिकेत १८९० पासून त्याच्या रानातल्या चाचण्याही होतात. मला चिंता आहे ती सशाशिवाय दुसऱ्या कशाकशामागे धावतील याची. आपल्या वावरातला काळ्या आठवतो ना? दिवसा रोह्यामागे, रात्री डुकरामागे, आणि मधल्या वेळात शेंबाळपिंपरीच्या रस्त्यावरच्या मोटारसायकलींमागे. रोही तुरीत घुसले की हा नेमका भलत्याच धुऱ्यावर भुंकत असायचा. कुत्रं गुणी होतं, पण अमुकच तुझं काम, हे त्याला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं.

बंजारा तांड्यावरची लांब पायांची कुत्री तू पाहिली आहेस. ती डोळ्याने शिकार करतात. ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटतात. बीगलचं सगळं काम नाकाचं. पिलाला ससा दिसला तर तेही आधी डोळ्यानेच धावेल आणि तो झुडपात गेला की गोंधळून उभं राहील. अशा वेळी ससा जिथून उठला त्या जागी त्याला ने आणि तिथलं गवत हुंगू दे. एकदा ती वाट नाकाला लागली की कंठ फुटेल. तो आवाज तुला लगेच कळेल, नेहमीच्या भुंकण्यापेक्षा लांब आणि गाणाऱ्यासारखा असतो.

पण ही घाई आत्ता नको. चार महिन्यांची होईपर्यंत नाव, पट्टा आणि शिट्टी एवढंच. जेवण ठेवायच्या आधी रोज तीच शिट्टी वाजव, म्हणजे शिट्टी ऐकली की पाय आपोआप घराकडे वळतील. मग सशाचं कातडं दोरीला बांधून अंगणातल्या गवतातून ओढ आणि शेवटी खाऊ ठेव. पाच-सहा महिन्यांची झाली की दव असलेल्या सकाळी रानात ने. ओल्या गवतावर वास टिकतो, कोरड्या वाऱ्यात उडून जातो. दोघांना एकत्र नेऊ नकोस. सख्खी भावंडं, खेळतच बसतील, नाहीतर एक हुंगेल आणि दुसरा नुसता त्याच्या मागे पळेल. आज लाडू, उद्या चिवडा. ससा मध्येच वळला की वास तुटतो आणि पिलू घुटमळतं. तेव्हा तू गप्प राहा. हाका मारून, बोट दाखवून मदत करू नकोस. जे पिलू मागे येऊन तिथल्या तिथे शोधतं ते पुढे चांगलं निघतं. आणि दमायच्या आधीच घरी आण, म्हणजे उद्याची ओढ राहील.

आता हरणाचं. तुमच्याकडे हरणं घराच्या अंगणात येतात म्हणालास, म्हणून सांगतो. तिकडचा ससा उठला की आपल्या ठरलेल्या काही एकरांतच गोल फिरून परत पहिल्या जागेकडे येतो. शिकारी म्हणूनच तिथे थांबून राहतो. हरीण सरळ जातं. तेव्हा कान उघडे ठेव. पिलाचा आवाज वळून येत असेल तर ससा, आणि सरळ दूर दूर जात असेल तर हरीण. हरीण म्हणजे मैलोगणती रान आणि त्यापुढे हायवे. बापू, जीपीएसचा पट्टा गळ्यात घातल्याशिवाय एकालाही सोडू नकोस, पैशाकडे पाहू नकोस. शेजाऱ्याचा म्हातारा कुत्रा सोबतीला घेणार असशील तर आधी विचार, तो हरणामागे जातो का? जात असेल तर नको. पिलं चांगलं हळूहळू शिकतात आणि वाईट एका सकाळीत.

आता बंदुकीचं थोडं. पिलू वासावर रंगलेलं असताना पहिला बार लांबून ऐकू दे, जवळून एकदम नको. कुत्रं कुठे आहे हे दिसल्याशिवाय घोड्यावर बोट नको. नारिंगी जाकीट घालायचंच. ससा साफ करताना हातमोजे घाल. सशांच्या एका तापाची लागण माणसाला होते, त्याला तुलारेमिया म्हणतात. मी जन्मभर गुरांच्या दवाखान्यात काढला, ही काळजी वाहायचा हक्क मला आहे.

इकडे वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत. पूस नदीला यंदा पाणी चांगलं आहे. ताईला घेऊन परवा माहूरला जाऊन आलो, तुझ्या नावाने नारळ फोडला. पिलांच्याही नावाने, ताईनेच आठवण केली.

एक गोष्ट शेवटची, बाकी विसरलास तरी चालेल. पिलू हरणामागे गेलं तर तिथे गाठ, वासावरून उचल, दटाव, बांधून घरी आण. पण ते आपणहून परत आलं, तर कितीही राग आला तरी हात उगारू नकोस. त्याला हरीण आठवणार नाही, परत आलो म्हणून मार बसला एवढंच लक्षात राहील. मग पुढच्या वेळी ते येणार नाही. परत आलेल्याला खाऊ द्यायचा.

ताईला फोन कर, रविवारची वाट पाहू नकोस.

तुझा,
मामा