पूल, वेठ आणि दान



2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल महापुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा पूल. दोन एस.टी. गाड्या माणसांसह काळोखात नदीत गेल्या. ज्या महाडला 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महाडची ही गोष्ट. नवा पूल 5 जून 2017 रोजी खुला झाला. प्रत्यक्ष बांधकाम 165 दिवसांत पुरे केल्याचे सरकारने सांगितले. मनावर घेतले तर काम किती लवकर होते, हे सर्वांना दिसले.

पण महामार्गाचा पूल सरकार बांधते. खेड्यातला साकव वाहून गेला, मोरी तुंबून रस्ता तुटला, दरड कोसळून वाट बंद झाली, तर सरकार लगेच पोचत नाही; कारण पोचायचा रस्ताच तुटलेला असतो. तेव्हा गावालाच हात चालवावे लागतात. चावडीवरून निरोप येतो, ‘फावडी-घमेली घेऊन या.’ आणि इथेच नवदीक्षित कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो: जावे की न जावे?

हा प्रश्न साधा नाही. आपल्या आज्यापणज्यांनी गावाची वेठ केली आहे. महारकीच्या नावाखाली त्यांनी रस्ते झाडले, सांगावे पोचवले, लाकडे फोडली, मेलेली ढोरे ओढली. मोबदल्यात मिळाली शिळी भाकर आणि वर शिव्या. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात बिल मांडले. तरी ती कायद्याने संपवायला 1958 चा कायदा व्हावा लागला. म्हणून वस्तीतला तरुण म्हणतो, ‘धम्म घेतला तेव्हाच गावकीची कामे सोडली. आता फावडे उचलणार नाही.’ त्याचा राग खोटा नाही. आणि घरातली म्हातारी म्हणते, ‘अरे, पण पलीकडे एखादी बाळंतीण अडली असेल तर?’ तिचेही खोटे नाही.

तिसराही एक आवाज असतो. तो म्हणतो, ‘नदी कोपली, कुणाच्या तरी पापाचे हे फळ, आधी शांत करा.’ त्याला उत्तर सोपे आहे. पाऊस ऋतुनियमाने पडतो. पुराचे पाणी खांबाच्या बुडाची माती खरवडून नेते, पाया उघडा पडतो आणि पूल खचतो. त्यात देवाचा कोप नाही आणि मेलेल्यांचे पूर्वजन्मीचे पापही नाही. कारण शोधले तर उपाय सापडतो. नारळ फोडून पाया भरून येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जातकात मगध देशातल्या मघ नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. तो आणि त्याचे तीसेक सोबती पहाटे उठून कुऱ्हाडी घेऊन निघत. वाटेतले धोंडे हटवत, गाड्यांच्या आसांना अडणारी झाडे तोडत, खाचखळगे बुजवत, पूल बांधत. आणि शील पाळत. गावच्या मुखियाला हे खपेना. कारण लोक दारू सोडून कामाला लागले आणि भांडणाच्या दंडावरची त्याची मिळकत बुडाली. त्याने राजाकडे जाऊन चोर म्हणून त्यांच्यावर आळ घेतला. गोष्टीच्या शेवटी स्वर्गाची कथा आहे, ती आपण बाजूला ठेवू. आपल्या कामाचे एवढेच की, मघाला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नव्हते. तो आपणहून गेला.

वेठ आणि दान यांतला फरक इथे आहे. फावडे तेच, माती तीच, घामही तोच. पण वेठीत ‘नाही’ म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत नसते, तो देत नाही, त्याच्याकडून काढून घेतले जाते. धम्मक्रांतीने आपल्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ दिले. म्हणूनच आज आपला ‘हो’ हे दान ठरू शकते.

तेव्हा चावडीवरून निरोप आला, की तीन गोष्टी पाहाव्यात. बोलावणे सर्व घरांना आहे, की फक्त आपल्या वस्तीला? पाटलाचा मुलगाही घमेले उचलणार, की बांधावर उभा राहून हुकूम सोडणार? कामावरचे पाणी सर्वांना एकाच माठातले आहे काय? तिन्हींचे उत्तर सरळ असेल, तर सर्वांच्या पुढे जावे. नसेल, तर स्पष्ट नकार द्यावा. आणि काम सरकारी असेल, तर त्याची मजुरी हक्काने घ्यावी.

पण कोणी विचारील, पलीकडे माणूस मरत असेल आणि बाकीचे गाव हातावर हात धरून बसले असेल तर? तर मात्र हिशेब करत बसू नये. तेव्हा दोर टाकावा, वाट काढावी, माणूस वाचवावा. मग तो कोणत्याही जातीचा असो. करुणेला आधी जात विचारता येत नाही. ती विचारणाऱ्यांचा धर्म आपण सोडून आलो आहोत. मात्र दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत उभे राहून जाब विचारावा. कालची करुणा आजच्या गप्प बसण्याचे कारण होऊ नये.

आणखी एक. दुरुस्तीचा क्रम कोण ठरवतो, हेही पाहावे. वाड्याकडचा रस्ता आधी आणि वस्तीचा साकव पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच, हा क्रम गरजेचा नव्हे, सत्तेचा आहे. ज्या वाटेने आजारी माणूस दवाखान्यात जातो, ज्या वाटेने धान्य आणि पाणी येते, ती वाट आधी. मग ती कोणाच्याही दाराची असो. समता ग्रंथात राहत नाही. मुरुमाची पहिली गाडी कुठे रिकामी होते, तिथे ती दिसते.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे जागे राहण्याचा, उपदेश केला. पूल पडल्यावर धावणे ही करुणा आहे. पडण्याआधी त्याचा पाया तपासणे हा अप्रमाद. येत्या पावसाळ्याआधी आपल्या वस्तीच्या तरुणांनी साकवाचे खांब पाहावेत, मोऱ्यांतला गाळ काढला की नाही ते विचारावे, आणि अर्ज लेखी द्यावा. हेही धम्माचेच काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!