देखरेख करणाऱ्याचे ऋण

एकाने काम करावे आणि दुसऱ्याने ते नीट होते की नाही हे पाहावे, ही व्यवस्था इतकी जुनी आहे की तिच्याविषयी काही नैतिक प्रश्न असेल असे सहसा कोणास वाटत नाही. चोरी, लबाडी, व्यसन यांवर आम्ही प्रवचनपीठावरून पुष्कळ बोललो. देखरेखीवर एकदाही बोलल्याचे आठवत नाही. हा विषय आमच्यापुढे आणला तो आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त वनपालांनी. ज्या राष्ट्रीय उद्यानात ते नोकरीस होते त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्यांनी सांगितलेली हकीकत प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे. ती त्यांनी आमच्या पडवीत चहा घेता घेता सांगितली आणि लिहिण्यास संमतीही दिली. वाचकांपैकी कोणाच्या मनात शंका येऊ नये म्हणून हे आधीच नमूद करतो.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, बिबळे आणि त्यांना पाहण्यासाठी धावणाऱ्या जीपगाड्या येतात. त्या अरण्याची डागडुजी करणारी माणसे सहसा येत नाहीत. पाणवठ्यातील गाळ काढावा लागतो, पावसाने खचलेल्या वाटा भराव्या लागतात, संरक्षण कुटीचे छप्पर दुरुस्त करावे लागते. ह्या सर्वांत जोखमीचे काम जाळरेषेचे. आपल्याकडील पानगळीच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी साग उघडाबोडका होतो आणि जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवतो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी काडी लावतो, कोणाची विडी पडते; आणि एकदा लागलेली आग मैल न् मैल चालत जाते. ती अडावी म्हणून जंगलाचे तुकडे पाडणारे मोकळे पट्टे राखतात, त्या जाळरेषा. पावसाळा सरला की त्यांवरील गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि वारा पडलेला पाहून आपल्याच हाताने जाळून टाकायचे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याच्या आत हे काम उरकावे लागते. अलीकडे पाचोळा उडविणारी यंत्रे आली आहेत, तरी हातात हिरव्या फांदीचा झोडपा घेऊन ज्वाळेच्या कडेने चालणारा मजूर गेलेला नाही. अरण्य राखण्यासाठी अरण्यातच आग लावायची, हा विरोधाभास त्या माणसाच्या पायाशी रोज जळत असतो.

आमच्या वनपालांकडे त्या वर्षी बारा मजूर होते, सगळे उद्यानाच्या सीमेवरील पाड्यांतले, रोजंदारीवरचे. काम मागे पडले होते आणि फेब्रुवारी उजाडला होता. सकाळी त्यांनी माणसे रेषेवर नेली, कोठून आरंभ करायचा ते दाखविले आणि दहाच्या सुमारास ते कचेरीकडे निघाले. स्वतःच्या आरामासाठी नव्हे. मजुरीची बिले त्याच दिवशी दाखल झाली नसती तर ह्याच बारा जणांचे पैसे महिनाभर अडकले असते. दुपारी आग रेषा ओलांडून उभ्या गवतात शिरली. ती विझवायला जो सर्वांत पुढे धावला त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजला.

चौकशीसाठी अहवाल लिहावा लागला. वनपालांनी तो वरिष्ठांच्या सल्ल्याने लिहिला. त्यात एक वाक्य होते : वारा असताना आग लावू नये अशी स्पष्ट सूचना दिलेली असूनही मजुराने तिचे उल्लंघन केले. वाक्य साधे दिसते. परंतु त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात नुसत्या निष्काळजीपणाने मजुराचा हक्क बुडत नसे. सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल तर मात्र बुडू शकत असे. ते वाक्य ज्याने सुचविले त्याला हे ठाऊक होते. लिहिणाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हते, असे ते सांगतात, आणि आम्हास त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. मजुराला भरपाई मिळाली नाही. वनपालांनी आपल्या खिशातून औषधपाण्याचा खर्च केला आणि प्रकरण मिटले.

मिटले ते कागदावर. निवृत्त झाल्यावर ह्या गृहस्थांना एका प्रश्नाने ग्रासले. "फादर, वारा सुटला तर थांबा, हे मी दरवर्षी सांगायचो. पण त्या दिवशी सांगितले होते का, हे मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला, आठवत नाही."

आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते धर्मगुरूच्या तोंडी सवयीने येणारे होते. तुमचा हेतू वाईट नव्हता, तुम्ही मजुरांच्याच कामासाठी गेला होता, उपचारांचा खर्चही केला; मन शांत ठेवा. ते नमस्कार करून गेले. त्यांचे मन शांत झाले नाही हे आम्हास त्यांच्या पाठमोऱ्या चालीवरूनच कळले.

त्यानंतर काही दिवसांनी, २ नोव्हेंबरच्या मृतदिनापूर्वी, नेहमीप्रमाणे आम्ही दफनभूमीची साफसफाई करून घेत होतो. सहा मजूर गवत काढीत होते आणि आम्ही क्रुसाच्या चौथऱ्यावर छत्री उघडून उभे होतो. मध्येच फोन आला म्हणून आम्ही घरात गेलो. परत आलो तेव्हा एका मजुराच्या हाताला काच लागून रक्त येत होते. आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "अरे, बघून काम करायला नको का?" लागले फार नव्हते. पण शब्द निघून गेला होता, आणि ज्याला तो लागला त्याचे नाव आम्हास ठाऊक नव्हते. गेली चार वर्षे तो माणूस दर नोव्हेंबरात आमच्याकडे येत आहे.

काम जसे वरून खाली सांगितले जाते तसा दोषही वरून खाली जातो. त्याला कोणी ढकलावे लागत नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांची बोधकथा आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. मालक पाच वेळा बाजारात जातो, मजूर उन्हाविषयी कुरकुरतात, मालक त्यांना उत्तर देतो. तेथे एक कारभारीही आहे. संध्याकाळी मजुरी वाटण्यासाठी त्याला बोलावले जाते. त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. भर दुपारी तो मळ्यात होता की घरी, हे मत्तय सांगत नाही. आम्ही ह्या कथेवर किती प्रवचने केली असतील, पण त्या मुक्या माणसाची चौकशी कधी केली नाही.

"मी तेथे असतो तर त्याचा पाय वाचला असता का?" असेही वनपालांनी विचारले होते. ह्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात, मिसूरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या खोऱ्यात वणवा विझविण्यासाठी पंधरा जणांची तुकडी विमानातून छत्रीने उतरली. खाली एक अग्निरक्षक तिला येऊन मिळाला. ते राष्ट्रीय उद्यान नव्हे, सरकारी वन होते, पण काम ह्याच जातीचे. तुकडीचा मुकादम वॅग्नर डॉज. वणवा उलटला आणि वाळक्या गवताच्या चढावर त्यांच्या पाठीस लागला. डॉज थांबला, त्याने काडी ओढून समोरचे गवतच पेटविले आणि ते जळून गेलेल्या जागी राखेत पडून सोबत्यांना आत बोलाविले. एकही जण आत गेला नाही. तेरा माणसे मेली. डॉज त्या राखेत जिवंत राहिला. दुसरे दोघे वरच्या कड्यातील फटीतून निसटून वाचले. मुकादमाची युक्ती अचूक होती आणि तो जागेवर हजर होता. परंतु त्या वर्षी ह्या तरुणांच्या प्रशिक्षणात तो त्यांच्याबरोबर नव्हता, ते त्याला पुरते ओळखत नव्हते. ज्याला आपण ओळखत नाही त्याने आगीत ये म्हटले तर कोण जाईल? नॉर्मन मॅक्लीन ह्यांनी ह्या घटनेवर लिहिलेले पुस्तक १९९२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या शेवटची कितीतरी वर्षे त्यांनी ह्या एका दुपारचा शोध घेण्यात घालविली.

आपल्या ताडोब्यातही २० नोव्हेंबर २०२१ रोजी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाली होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली. काही वेळ थांबून चौघांनी झाडीतून वळसा घेतला. मजूर पुढे होते, ती मागे होती. वाघिणीने मागून तिला गाठले. तिन्ही मजूर परत आले. आम्ही ह्यावर अधिक काही लिहू इच्छीत नाही.

पुन्हा आमच्या वनपालांच्या शंकेकडे येऊ. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हास एक जुना नियम शिकविला होता : हक्काविषयी खरोखर संशय असेल तेथे वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याचे पारडे जड धरावे. शेताचा बांध, हरवलेले जनावर, जुने कर्ज ह्यांसाठी हा नियम उपयोगी पडतो. आम्ही त्यांना दिलेल्या उत्तरात नकळत हाच नियम वापरला होता. सूचना दिली की नाही हे आठवत नाही, मग संशयाचा फायदा तुम्हास. परंतु येथे ताबा कोणाचा होता? त्या मजुराकडे शेत नव्हते, शिल्लक नव्हती. सांगितल्याप्रमाणे काम करणारा माणूस हे नाव तेवढे त्याच्या ताब्यात होते. ते काढून घेतले गेले, तेही काढून घेणाऱ्याला स्वतःची खात्री नसताना. मग संशयाचा फायदा कोणाचा, हे आमच्या जुन्या प्राध्यापकांनी एका क्षणात सांगितले असते. आणि घेतलेली वस्तू परत करावी लागते, केवळ पश्चात्ताप पुरत नाही, हे तर आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनाही शिकवितो. जक्कयाला ते कोणी सांगावे लागले नव्हते.

हे आम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितले, आणि आमचे पहिले उत्तर मागे घेतो असेही सांगितले. आमच्या पंचवीस-तीस वर्षांच्या सेवेत असे उत्तर मागे घेण्याचा प्रसंग आधी आला नव्हता. यायला हवा होता. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी कपाटातून अहवालाची जुनी प्रत काढली.

जानेवारीत ते त्या पाड्यावर गेले. त्यांच्या आग्रहावरून आम्हीही गेलो. मजूर आता पन्नाशीचा आहे. पायाची कातडी ताणलेली असल्याने तो जरा आडवे पाऊल टाकतो. त्याने अंगणात खाट टाकली, आम्हास पाणी दिले. वनपालांनी आपण नव्याने लिहून कचेरीत देणार असलेला जबाब त्याला दाखविला. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून तो मोठ्याने वाचला. सूचना दिल्याचे मला खात्रीने सांगता येत नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. तो शांतपणे ऐकत होता.

"सांगितलं असेल साहेब," तो म्हणाला. "दरसाल सांगायचेच तुम्ही. पण आम्ही पेटवलं तेव्हा पान हलत नव्हतं. वारा मागनं आला."

वनपालांनी विचारले, हे तू तेव्हा का बोलला नाहीस?

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि तो कागद पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितले.